फास्नेट (रोटवाइल)

जर्मनीच्या नैऋत्य भागात ख्रिस्ती उपासकाळाच्या तोंडावर साजरा होणारा मुखवट्यांचा सण. कोलोन आणि माइन्झकडे याच दिवसांत कार्निव्हल असतो; चित्ररथ, राजकारण्यांचे पुतळे, गोळ्या-चॉकलेटांची उधळण असा त्याचा थाट. श्वाबेन या नैऋत्येकडच्या प्रदेशात मात्र कार्निव्हल म्हटलेलं लोकांना खपत नाही. इथे फास्नेट, आणि त्याचा जीव लाकडी मुखवट्यात.

त्यातलं सर्वांत नावाजलेलं गाव रोटवाइल. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं हे सर्वांत जुनं शहर, वस्ती सुमारे २५ हजार. रॉटवायलर कुत्र्याला याच गावाचं नाव मिळालं. स्टुटगार्टहून रेल्वेने साधारण दीड तास. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत, आणि त्या भागात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना रोटवाइल एका दिवसात पाहून येण्याजोगं आहे. अट एकच, भल्या पहाटे निघायचं.

तारीख ईस्टरवर ठरते. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो, तिथून उपास सुरू (मधले रविवार वगळले की बरोबर ४० दिवस). त्याच्या आधीचे दिवस खाऊन-पिऊन, हुंदडून घ्यायचे. श्रावण पाळणाऱ्या घराला गटारी समजावून सांगावी लागत नाही, तसंच हे. सणातल्या गुरुवारचं बोलीतलं नावच 'तुपकट गुरुवार' या अर्थाचं आहे, फक्त तूप म्हणजे इथे डुकराची चरबी. त्या दिवसांत मिळणारे फास्नेटक्युश्ले हे तळलेले गोड वडे परंपरेने तिच्यातच तळत. आज बरेच जण तेल वापरतात, पण शाकाहारी पाहुण्याने विचारून घेतलेलं बरं. गोव्याचा कार्निव्हल, म्हणजे कोकणीतला इंत्रूज, याच पंचांगावर चालतो. पणजीत मिरवणुका निघतात तेव्हा इथे लोक थंडीत कुडकुडत उभे असतात.

हिवाळ्याला पळवून लावणारा हा प्राचीन, ख्रिस्तपूर्व सण, असं पर्यटकांना हमखास ऐकवलं जातं. ऐकायला झकास, पण पुराव्यात बसत नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक वेर्नर मेत्सगर यांच्यासह अनेकांनी त्याचं मूळ मध्ययुगीन कॅथलिक उपासाच्या पंचांगात दाखवलं आहे. म्हणूनच धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट झालेल्या, उपास सोडलेल्या गावांत हा सण मागे पडला आणि रोटवाइलसारख्या कॅथलिक राहिलेल्या गावांत टिकला. २०१४मध्ये श्वाबेन-आलेमानी, म्हणजे याच नैऋत्य भागातल्या, फास्नेटचा समावेश जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

मुख्य प्रसंग नारेनश्प्रुंग, म्हणजे वेड्यांची उडी. राखेच्या बुधवाराआधीच्या सोमवारी सकाळी ठीक आठला तेराव्या शतकातल्या काळ्या वेशीतून सोंगं बाहेर पडतात आणि उतरत्या मुख्य रस्त्याने खाली येतात. जागा हवी तर सातच्या आत पोहोचावं. स्टेशन गावाखाली आहे आणि वर यायला चांगला चढ लागतो. आधी कानावर पडतात त्या घंटा. ग्शेल नावाच्या सोंगाच्या छातीवर घंटांचे जड पट्टे आडवेतिडवे बांधलेले असतात, चेहरा मात्र गोरा, गुळगुळीत, हसरा. बिसचा पोशाख बराचसा तसाच, पण दात विचकलेले. शांटल म्हणजे सुरकुतलेला म्हातारा, हातात छत्री. सगळ्यांत खट्याळ फेडराहानेस: सुळे बाहेर आलेले, झग्याला पिसं शिवलेली, लांब काठी टेकून हा हवेत झेप घेतो. त्या काठीच्या टोकाला वासराची शेपटी असते, आणि ती बेसावध उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावरून फिरते. पहिल्यांदा आलेला दचकतो, शेजारचे खो-खो हसतात. 'हू-हू-हू' ही इथली आरोळी.

इथवरचं डोळ्यांनी कळतं. खरी गंमत पुढे असते, आणि ती बाहेरच्याच्या हाती सहसा लागत नाही. काही सोंगांच्या बगलेत चित्रं काढलेली मोठी वही असते. वर्षभरात गावात कोणाची काय फजिती झाली ती तिच्यात रंगवलेली असते. ओळखीचा दिसला की सोंग त्याला गाठतं, पान उघडतं आणि श्वाबेनी बोलीत, बदललेल्या आवाजात त्याची लाज काढतं. मुखवट्याआडून सगळ्यांना अरे-तुरेच करायचं, एरवी ज्याला अहो-जाहो करावं लागतं त्या बड्या असामीलाही. समोरच्याने चिडायचं नाही. ऐकून घेतलं की हातावर गोळी पडते. पुस्तकी जर्मन उत्तम येणाऱ्यालाही यातलं निम्मं कळत नाही. शब्द कळले तरी कोणाची गाडी कुठल्या ओढ्यात गेली होती हे ठाऊक नसतं. पाहुण्याने अशा वेळी वहीऐवजी ऐकणाऱ्याचे लाल होत जाणारे कान पाहावेत.

मुखवटे बहुधा लिंडनच्या लाकडात कोरलेले, पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेले असतात. सहा जानेवारीला ते आणि पोशाख बाहेर काढून झटकायचे, तोच सणाचा आरंभ. त्यांना हात लावणं किंवा कोणाचा मुखवटा वर करून पाहणं हा उद्धटपणा समजला जातो. पाहुण्याने स्वतः सोंग घ्यावं अशी अपेक्षा नसते. समुद्री चाच्याचा भाड्याचा पोशाख घालून आलेला माणूस इथे जरा केविलवाणाच दिसतो.

मंगळवारी पुन्हा मिरवणूक निघते, आणि संध्याकाळी मुखवटे उतरतात. आसपासच्या काही गावांत बुधवारी मंडळी रडण्याचं नाटक करत कारंज्यावर जमतात आणि सणात रिकामी झालेली पाकिटं गार पाण्यात धुतात.