गणेशपुरी ते भंडारदरा: गाडी घेऊन निघण्याआधी वाचा

दोन दिवस हाताशी आहेत, गाडी स्वतः चालवायची आहे, आणि डोंगर, तलाव, गरम पाण्याची कुंडं सगळंच हवं आहे, आमच्याकडून भाड्याने गाडी घेणाऱ्या अशा ग्राहकांना आम्ही मुंबईहून हाच रस्ता सुचवतो. अंतर बेताचं आहे, त्यामुळे सगळा वेळ स्टिअरिंगवर जात नाही.

पहाटे निघा. सकाळी उशीर झाला की ठाणे आणि भिवंडीतच दमून जाल. भिवंडी–वाडा रस्त्याने अंबाडी नाक्यापर्यंत या; तिथून वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी जवळजवळच आहेत. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता. १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांकडे आल्यावर तो फेडण्यासाठी हे देऊळ बांधलं गेलं. पायऱ्या चढून दर्शन घ्या आणि मग कुंडांकडे वळा.

इथे जवळपास ज्वालामुखी नाही, तरी पाणी गरम कसं, असं मुलं हमखास विचारतात. पावसाचं पाणी काळ्या कातळातल्या भेगांमधून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांमधून वर येतं. प्रत्येक कुंडातलं पाणी सारखंच गरम नसतं. एकात आरामात बसता येतं, तर शेजारच्यात पाय ठेववत नाही. म्हणून आधी हात घालून बघा, लहान मुलांना तर परस्पर उतरू देऊच नका. गंधकामुळे चांदी काळी पडते, पैंजण-साखळ्या काढून ठेवा. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

आणि गाडी चालवणाऱ्याने कुंडात फार वेळ बसू नये. गरम पाण्याने अंग सैलावतं, रक्तदाब उतरतो, उठल्यावर गरगरतं, डोळ्यांवर झापड येते. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्या, काहीतरी खा, निदान अर्धा तास बसा आणि मगच किल्ली हातात घ्या.

पुढे जाताना मॅप गावांमधून आडरस्ते दाखवतो. ते टाळा आणि सरळ भिवंडीच्या बाजूला परत या. तिथून दोन पर्याय आहेत: पडघा, शहापूरवरून कसारा घाट, किंवा आमणे इथून समृद्धी महामार्ग. समृद्धीचा आमणे–इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. तो लांब बोगद्यातून थेट इगतपुरीजवळ काढतो. घाटाची सवय नसेल तर चढताना समृद्धीच बरा. शहापूर तालुक्यातून गेलात तर मुलांना एक सांगा: तानसा आणि भातसा ही धरणं याच भागात आहेत, आपल्या नळाला येणारं पाणी इथलंच.

घोटीला टाकी भरून घ्या. तिथून भंडारदऱ्याच्या वाटेवर बारी गाव लागतं, कळसूबाईच्या पायथ्याचं. १६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वोच्च शिखर गाडीतूनही डोळे भरून दिसतं. भंडारदऱ्याचं, प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ चं आहे. तलावाच्या कडेकडेने रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापर्यंत जरूर जा, पण उजेडात. धरणाजवळच्या शेंडी गावाच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून मॅप आधीच उतरवून ठेवा. पावसाळ्याच्या तोंडावर इथे काजव्यांनी झाडंच्या झाडं लखलखतात. ते बघायला गेलात तर गाडी लांब उभी करा आणि दिवे बंद ठेवा. हेडलाइटच्या झोतात काजवे एकमेकांना दिसत नाहीत, त्यांची जोडी जमत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्हाला काळजी असते ती परतीच्या उताराची. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर डिस्क तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागतं आणि पेडल पोकळ लागतं. त्याआधी जळका वास येतो. तो आला की सुरक्षित, रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्या, त्यावर पाणी ओतू नका. हे टाळायचं तर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरता येतो. किल्ली देताना आम्ही तो करून दाखवतो, घाई असली तरी बघून घ्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं अजिबात नको. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दगडासारखा होतो.

अरुंद रस्त्यावर समोरून गाडी चढत असेल तर तिला आधी जाऊ द्या, नियमही तोच आहे. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

आमच्या गाड्यांची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, कारण त्या भाड्याने स्वतः चालवायला देण्याचा परवाना असलेल्या गाड्या आहेत. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. लायसन्स सोबत ठेवा, डिजिलॉकरमधलंही चालतं. करारात ज्याचं नाव आहे त्यानेच गाडी चालवायची. टायर पंक्चर झाला, डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा पेटला, काही खटकलं, तर रात्री कितीही वाजता फोन करा. नंबर किल्लीच्या टॅगवर लिहिलेला आहे.