अभिमन्यूची भिंत आणि मेंदूतला ‘मी’

बडोद्याच्या कीर्तिमंदिराच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेली चार मोठी चित्रे आहेत: गंगावतरण, मीरेचे जीवन, नटीची पूजा आणि अभिमन्यूवध. आमच्या ओळखीच्या, दांडिया बाजारात राहणाऱ्या एक काकू अभिमन्यूसमोर थबकल्या आणि म्हणाल्या, “आत शिरता येतं, बाहेर पडता येत नाही. रात्री माझ्या डोक्याचं अगदी हेच होतं.” काकांना त्याच भिंतीपाशी काहीच जाणवलं नाही. त्यांचं लक्ष बाहेर काढून ठेवलेल्या चपलांकडे होतं.

नंदलालांच्या मनात काकूंची झोपमोड असणं शक्यच नव्हतं. मग हा अर्थ आला कुठून?

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये या प्रश्नाच्या जवळपास जाणारा एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून १०९ कलाकृती दाखवल्या आणि प्रत्येक चित्र किती भिडलं याला एक ते चार गुण द्यायला सांगितले. कोणतं चित्र भिडलं यावर एकमत जवळपास नव्हतंच. एकाला चार गुणांचं वाटलेलं दुसऱ्याला एकाचं. दृष्टीशी निगडित काही भागांतली हालचाल गुणांबरोबर पायरीपायरीने वाढत गेली. पण मेंदूत एक जाळं असं आहे, जे आपण स्वतःबद्दल विचार करतो, जुनं आठवतो, उद्याची चिंता करतो तेव्हा जागं असतं आणि बाहेरच्या कामात गुंतलो की सहसा मंदावतं. त्याचं वागणं वेगळं होतं. एक, दोन, तीन गुणांच्या चित्रांना ते मंदच राहिलं. चार गुण मिळताच एकदम उसळलं. म्हणजे चित्र ‘छान’ वाटणं आणि ‘हे माझंच आहे’ असं वाटणं यांत नुसता कमी-जास्तीचा फरक नसावा. प्रयोग लहान होता हे खरं, पण मला यातली ही उडी फार बोलकी वाटते.

नैराश्यात माणूस तेच ते विचार घोळवत बसतो, तेव्हाही याच जाळ्याकडे बोट दाखवलं जातं. इथे जरा जपून बोलायला हवं. ‘नैराश्यात हे जाळं अतिसक्रिय होतं’ हे वाक्य लोकप्रिय लेखांत सर्रास सापडतं. पण २०१९ मध्ये चीनमधल्या २५ गटांनी १,३०० रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा वारंवार नैराश्य येणाऱ्यांमध्ये या जाळ्याच्या आतले दुवे उलट सैल आढळले. चित्र अजून धूसर आहे.

भिंतीसमोर ते बोलून टाकल्यावर काकूंना हलकं वाटलं, त्याची निदान एक बाजू मात्र समजण्यासारखी आहे. २००७ मधल्या एका प्रयोगात चेहऱ्यांवरच्या भावनेला शब्दांत नाव द्यायला सांगितल्यावर भीतीशी जोडलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद कमी झाला आणि कपाळामागचा उजवीकडचा एक भाग अधिक सक्रिय झाला. ‘कसंतरी होतंय’ म्हणणं वेगळं आणि ‘बाहेरची वाट सापडत नाहीये’ म्हणणं वेगळं. शिवाय हे दुसऱ्या कुणाच्या, महाभारतातल्या एका पोराच्या, कथेतून म्हणता येतं. स्वतःचं दुःख उघडं न करता त्याच्याबद्दल बोलता येण्याची ही सोय मला मेंदूतल्या कुठल्याही जाळ्याइतकीच महत्त्वाची वाटते. आपल्या घरांत तर जास्तच.

त्यासाठी चित्रासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथेच गाडी अडते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १५० प्रेक्षकांचं निरीक्षण केलं, तर एका श्रेष्ठ चित्रासमोर निम्मे लोक १७ सेकंदही थांबले नव्हते. हा अभ्यास २००१ चा, खिशातल्या कॅमेऱ्याच्या आधीचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाने कला आणि आरोग्य यांवरचे ३,००० हून अधिक अभ्यास चाळून कलेची मदत होऊ शकते असं म्हटलं. पण त्यात गाणं, नृत्य, चित्र काढणं, सगळंच आलं. एकदा भिंत पाहून नैराश्य बरं होतं, असा त्याचा अर्थ काढणारे मला पटत नाहीत. काकूंचं रात्रीचं चक्र दोन आठवड्यांहून जास्त चाललं, त्यात जेवणात, कामात रस उरला नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. किमान सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे काय सांगायचं, ते काकूंना आता ठाऊक आहे.