सेटलमेंटमधले सगळे गुन्हेगार होते का?

सोलापुरात सेटलमेंटचं, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवलेल्या वसाहतीचं, नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, तिथं इंग्रजांनी दरोडेखोर पकडून ठेवले होते. हे चूक आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय म्हणून जास्त त्रास होतो.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात एकेका माणसाचा गुन्हा सिद्ध करायची गरजच नव्हती, सरकारने अख्खी जमात यादीत टाकली की झालं, त्या निर्णयाला कोर्टात आव्हानही देता येत नव्हतं. 1911 नंतर हे आपल्याकडेही लागू झालं. मग तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास, लेकरंबाळंसुद्धा आत. यातल्या कित्येकांनी इथल्या गिरण्यांमध्ये घाम गाळलाय, ते कुणी सांगत नाही!

31 ऑगस्ट 1952 ला देशभरात कायदा रद्द झाला. पण "आता सगळं मिटलं" हेही खरं नाही, कारण राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले, मुंबई राज्याचा 1959 चा, आणि संशय त्याच वस्त्यांवर राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगाच्या नियमांतला जातीवरून होणारा भेदभाव रद्द केला, त्यात विमुक्त जमातींना, म्हणजे 1952 ला त्या यादीतून सुटलेल्या जमातींना, जन्मतः गुन्हेगार धरणंही आलं.