जुन्या फोर-बाय-फोरचे पाटे आणि शॉकअप बदलण्याआधी

"गाडी मागून बसलीय, शॉकअप बदलून द्या" असं सांगत गाडी दारात आली की आम्ही आधी शॉकअपकडे बघत नाही. गाडीची उंची शॉकअप धरत नाही. वजन पेलतात ते पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या), कॉईल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी). खड्ड्यातून आलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर वरखाली होत राहते. ती हालचाल मारायची आणि तिची ताकद तेलात उष्णता करून घालवायची, एवढंच शॉकअपचं काम. म्हणून बसलेली गाडी नव्या शॉकअपने उठत नाही, आणि उड्या मारणारी गाडी जादा पाटा घालून शांत होत नाही. उलट जास्त उडते, कारण कडक झालेल्या पाट्याला आवरायला थकलेला शॉकअप आणखीच अपुरा पडतो.

सातारा भागात अजून भरपूर जिप्सी, कमांडर, मेजर आणि जुन्या थार चालतात. त्यांच्या मालकांनी चुकीच्या भागावर पैसे घालू नयेत, म्हणून हे पत्रक.

आधी वजन सांगा

शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटाने कासला जाणारी जिप्सी आणि रोज पाणंदीतून दुधाचे कॅन आणणारी कमांडर यांना एकच पाटा चालणार नाही. "कडक द्या की मऊ?" या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नसतं, ते तुमच्या गाडीत असतं. आपल्या ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. टाकी भरून, नेहमीचं सामान आणि माणसं घेऊन गाडी काट्यावर घाला. एकदा पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची खाली. दोन्ही आकडे कागदावर घेऊन या. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलेली असेल तर ते सगळं वजन पुढच्या एक्सलच्याही पुढे लोंबतं, आणि मागे नवे पाटे घालून त्याचा काही उपयोग होत नाही.

एक विनंती. वर्षातून दोन-चार वेळा येणाऱ्या जास्तीत जास्त लोडसाठी पाटे निवडू नका. गाडी बाकीचे दिवस रिकामी धावणार असेल तर रिकाम्या गाडीत मागचं चाक रस्ता सोडतं, आणि घाटातल्या ओल्या वळणावर ते धोक्याचं आहे. रोजच्या वजनाला बेतलेले पाटे आणि खाली लोड आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा, ही जोडी आम्हाला जास्त पटते.

पाटा खरंच गेला आहे का?

सपाट जागेवर गाडी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मापा, चारही चाकांना. चालक उजवीकडे बसत असल्याने उजवी बाजू किंचित खाली असू शकते. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल, किंवा बंप रबरवर (एक्सल चेसिसला आपटू नये म्हणून मध्ये लावलेल्या रबरी ठोकळ्यावर) चकाकी येऊन एक्सल तिथे आपटत असेल, तर पाटा बसला आहे.

पण कधी कधी पाटा गेलेला नसतो, जाम झालेला असतो. पावसाळ्यात लाल चिखल पाट्यांच्या मध्ये शिरतो, उन्हाळ्यात तिथेच गंज धरतो, आणि पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात. गाडी दगडासारखी कडक लागते आणि मालक मऊ पाटे मागतो. अशी गाडी आली की आम्ही सेट उघडून ब्रशने घासतो, ग्रॅफाइट ग्रीस लावतो, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) आणि पिना मोकळ्या करतो. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

नवा सेट घेताना पाट्यांची नुसती संख्या मोजू नका, जाडी मोजा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा जवळपास ६० टक्के जास्त कडक होतो. कॉईल स्प्रिंगमध्ये तर तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो: बाकी मापं तीच ठेवून १२ च्या जागी १३ मिलिमीटरची तार म्हणजे सुमारे ३८ टक्के वाढ. दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन स्प्रिंग सारख्याच दिसतात, म्हणून आम्ही कॅलिपर लावल्याशिवाय माल घेत नाही.

जुन्या पाट्याला हातोड्याने पुन्हा कमान मारून देणं स्वस्त पडतं, हे खरं. पण थकलेलं पोलाद थंड ठोकून ताजं होत नाही. काही दिवस गाडी उभी दिसते, मग परत बसते, आणि ठोकलेल्या जागी तडा जायची भीती राहते. आम्ही हे काम घेत नाही.

शॉकअप निवडताना

बॉनेट दाबून सोडायचं आणि गाडी किती वेळा हलते ते बघायचं, ही चाचणी पाट्याच्या गाडीला फसवी आहे. पाटे एकमेकांवर घासून स्वतःच हालचाल थांबवतात, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. चढउतार, वाट्यांसारखी झीज हाताला लागली तर शॉकअपवर पहिला संशय घ्या. शॉकअपच्या अंगावर तेलाचा नुसता धूसर थर चालतो; तेल ओघळून त्यावर माती चिकटली असेल तर सील गेलं. खात्री करायची तर तो काढून, उभा धरून ओढतो आणि दाबतो. मध्येच हात हलका पडला की तो बाद.

बाजारात दोन मुख्य रचना मिळतात. ट्विन-ट्यूबमध्ये नळीत नळी असते, बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला तरी आतला पिस्टन चालत राहतो. मोनोट्यूबमध्ये तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णता लवकर बाहेर जाते आणि लांबच्या खराब रस्त्यावर तो ढिला पडत नाही. मात्र नळीला खोल पोचा आला तर पिस्टन अडकतो. सुट्या दगडांच्या वाटेवर रोज चालणाऱ्या पाट्याच्या गाडीला आम्ही गॅस भरलेला ट्विन-ट्यूब सुचवतो. गॅस तेलाला फेस येऊ देत नाही, आणि फेस आलेलं तेल हालचाल मारत नाही.

कंपनीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे लांबी. एक्सल बंप रबरला टेकेल तेव्हाही शॉकअप पूर्ण दाबला गेलेला नसावा, नाहीतर सगळा आघात त्याच्या डोळ्यावर (टोकाच्या बोल्ट घालायच्या कडीवर) आणि चेसिसच्या ब्रॅकेटवर येतो. आणि चाक खाली लोंबलं तरी तो पूर्ण ताणला जाऊ नये. त्यामुळे उंच शॅकल घालून गाडी उचलली आणि शॉकअप जुन्याच मापाचे ठेवले, तर थोड्याच दिवसांत खालचा डोळा फाटतो.

उंची वाढवायची असेल तर

थार सीआरडीईच्या पुढच्या टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी वर दिसते, पण बार कडक होत नाही. चाकाला खाली जायची जागा मात्र कमी होते आणि प्रत्येक गतिरोधकावर धक्का बसतो. कोणतीही गाडी उचलली की ब्रेकचे होज, प्रॉपेलर शाफ्टचा कोन आणि हेडलाईटचा फोकस बदलतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या बदलांबद्दल आहे. विमा आणि आरटीओचा विचार करूनच ठरवा.

बसवताना

शॉकअप आणि पाटे एका एक्सलवर जोडीनेच बदलतो. गॅस नसलेला नवा ट्विन-ट्यूब आडवा पडून आलेला असेल तर उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण ओढून-दाबून घ्यावा लागतो, नाहीतर आत शिरलेली हवा पहिल्या दिवसापासून खडखडते. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आम्ही नवेच घालतो. नवे पाटे एकमेकांवर बसले की हे बोल्ट थोडे ढिले पडतात, त्यामुळे ५०० किलोमीटरच्या आसपास गाडी परत आणा. ते आवळायला आणि हेडलाईट पुन्हा लावायला आम्ही वेगळे पैसे घेत नाही.