चांगली डिस्क ‘फेल’ का दिसते?

“साहेब, परत वाजायला लागलं.” अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वर्षभरात तिसऱ्यांदा फोन आला. सर्व्हरमध्ये रेड ५ (अनेक डिस्क एकत्र बांधायची पद्धत, एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), त्यात चार डिस्क, तिसऱ्या खाचेचा बिघाडाचा दिवा केशरी. आधीच्या दोन डिस्क वॉरंटीत बदलून घेतल्या होत्या. या वेळी मी ती डिस्क घरी आणली, साध्या पीसीला जोडली आणि रात्रभर शेवटच्या सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा) वाचून काढली. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदींच्या तक्त्यात एकच सेक्टर ‘पेंडिंग’, म्हणजे नीट वाचता न येणारा, होता. तोही चाळीसेक सेकंद अडखळून वाचला गेला. म्हणजे डिस्क जिवंत होती, कंट्रोलरनेच (सगळ्या डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाने) तिला बाहेर काढलं होतं.

हे असं का होतं, त्याचं मूळ १९८८ मध्ये आहे. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी तेव्हा रेडची कल्पना मांडली: मेनफ्रेमची एक महागडी डिस्क घेण्याऐवजी पीसीसाठी बनलेल्या अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा. रेडमधला ‘आय’ मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा, पुढे उद्योगाने तो ‘इंडिपेंडंट’चा केला. पण पीसीच्या डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्रॅम, एकट्या डिस्कसाठी लिहिलेलं असतं. सेक्टर वाचता आला नाही तर ती पुन्हापुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण डेटाची दुसरी प्रत कुठे आहे हे तिला माहीत नसतं.

रेडमध्ये मात्र बाकीच्या डिस्कवरून तो सेक्टर क्षणात काढता येतो. कंट्रोलरला हवा असतो लवकर मिळालेला नकार. अनेक कंट्रोलर सुमारे ८ सेकंद वाट पाहतात आणि उत्तर नाही आलं की डिस्क मेली असं धरतात. म्हणून वेस्टर्न डिजिटलने ‘टीएलईआर’ आणलं: ७ सेकंदांत जमलं नाही तर चूक कळवून मोकळं व्हायचं. सीगेटने त्याला ईआरसी म्हटलं, सॅमसंग आणि हिताचीने सीसीटीएल. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅममध्ये ही वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात लिहितात, म्हणून ७ सेकंदांसाठी ७०. डेस्कटॉपच्या बऱ्याच डिस्कमध्ये ही सोय बंद असते किंवा नसतेच. जिथे चालू करता येते तिथेही वीज गेली की अनेकदा पुसली जाते. अंबडच्या तिन्ही डिस्क दुकानात मिळतात तशा साध्या डेस्कटॉपच्याच होत्या.

वेळेचा हा घोळ सगळ्यात जास्त भेटतो, पण तो एकटाच नाही. जुने कंट्रोलर ३२ बिटांत सेक्टर मोजायचे, त्यामुळे २.२ टीबीच्या पुढची जागा त्यांना दिसायचीच नाही. २००९ मध्ये सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क फर्मवेअरच्या दोषामुळे मशीन चालू केल्यावर दिसेनाशा झाल्या. २०१० मध्ये डेलच्या ‘पर्क’ नावाच्या नव्या रेड कंट्रोलरनी डेलचं फर्मवेअर नसलेल्या डिस्क नाकारल्या. ग्राहकांनी ओरड केल्यावर डेलने माघार घेतली. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red, म्हणजे लाल; RAID नव्हे) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या, असल्याचं उघड झालं. रिबिल्डच्या वेळी, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना, त्या इतक्या मंदावायच्या की अ‍ॅरेमधून (एकत्र बांधलेल्या डिस्कच्या संचातून) बाहेर पडायच्या.

मला सगळ्यात जास्त धास्ती बसली ती २०१९ च्या नोव्हेंबरमधल्या एचपीईच्या इशाऱ्याने. सर्व्हर बनवणाऱ्या या कंपनीच्या काही एसएएस एसएसडी (सर्व्हरसाठीच्या, फिरते भाग नसलेल्या डिस्क) ३२,७६८ तास पूर्ण होताच बंद पडणार होत्या, आणि डेटा परत मिळणार नव्हता. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी गेल्या तर रेड काय कामाचं?

म्हणून केशरी दिवा दिसला की डिस्क उपटण्याआधी मी बॅकअप तपासतो. मग कंट्रोलरचा लॉग उघडून पाहतो: टाइमआउट (उत्तर वेळेत आलं नाही) लिहिलंय की मीडियम एरर (डिस्कवरची जागाच खराब)? त्यानंतर प्रत्येक डिस्कचा फर्मवेअर क्रमांक कागदावर उतरवून कंट्रोलरच्या सुसंगत डिस्कच्या यादीशी ताडून बघतो. एकाच मॉडेलच्या डिस्कमध्येही तो वेगळा निघतो. अ‍ॅरे डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी, असताना मी फर्मवेअर कधीच बदलत नाही.

अंबडला शेवटी चारही डिस्क यादीत असलेल्या एंटरप्राइज (सर्व्हरसाठी बनवलेल्या) मॉडेलच्या घातल्या. काढलेल्या तिसऱ्या डिस्कवर मी पूर्ण शून्यं लिहिली, तेव्हा ‘पेंडिंग’चा आकडा शून्यावर आला. ती आता माझ्याकडे चाचणीच्या पीसीत चालू आहे.