शब्द सापडला, पण कुठे?

समजा तुम्ही ‘ठिसूळ हाडं’, ‘प्रतिबंध’ आणि ‘संशोधन’ हे शब्द टाकून शोध घेतलात. यादीत ऐंशी पानांचा एक अहवाल आला. तिन्ही शब्द त्यात आहेत खरे. पण पहिला प्रस्तावनेत, दुसरा चाळिसाव्या पानावर आणि तिसरा थेट आभारात असेल तर? अहवाल उघडून चाळल्याशिवाय हे कळायला मार्ग नाही.

नेमक्या या अडचणीवर मार्टी हर्स्ट यांनी १९९५ मध्ये ‘टाइलबार’ सुचवला. त्या तेव्हा झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात होत्या. यादीतल्या प्रत्येक लेखाशेजारी एक आडवी पट्टी काढायची; लेख जितका मोठा, तितकी पट्टी लांब. विषय बदलेल तिथे लेखाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला पट्टीत एक रकाना द्यायचा. प्रत्येक शोधशब्दाची ओळ वेगळी. तुकड्यात शब्द जितक्या जास्त वेळा येईल तितका चौकोन गडद, आलाच नाही तर पांढरा. तिन्ही ओळींत एकाखाली एक काळे चौकोन दिसले की समजायचं, इथे तिन्हींची चर्चा एकत्र आहे. त्यावर क्लिक केलं की मजकूर तिथेच उघडतो.

पुढे याहून देखणे प्रयोग झाले. कार्टू हे फ्रेंच शोधयंत्र निकालांचा चक्क नकाशा काढायचं. २०१० मध्ये ते बंद पडलं. संबंधित शोध चाकाच्या आऱ्यांसारखे मांडणारं गूगलचं ‘वंडर व्हील’ २००९ मध्ये आलं आणि दोनच वर्षांत गेलं. मला यात नवल वाटत नाही. किंमत किंवा वर्ष आलेखाच्या अक्षावर बसतं, कारण आकड्यांना क्रम असतो. मेरीलँड विद्यापीठातला ‘फिल्मफाइंडर’ (१९९४) चित्रपटांचे ठिपके वर्ष आणि लोकप्रियतेनुसार मांडायचा, म्हणून तो वाचता यायचा. पण ऊस डावीकडे मांडायचा की कापूस? शब्दांच्या नकाशात ठिपका जिथे पडतो त्या जागेला फारसा अर्थच नसतो. शिवाय निकालाचं शीर्षक शेवटी वाचावंच लागतं, आणि वाचायला यादीच सोयीची.

टाइलबारसारखं काही रोजच्या वापरात बघायचं असेल, तर क्रोममध्ये लांबलचक पान उघडून कंट्रोल-एफ दाबा. शब्द टाकताच उजवीकडच्या स्क्रोलपट्टीवर पिवळ्या रेघा उमटतात. दाट रेघांपाशी गेलं की काम होतं. मात्र दोन शब्द एकमेकांजवळ कुठे येतात, हे ती पट्टी सांगत नाही.