दळलेल्या मसाल्यांचे सीमाशुल्क वर्गीकरण

भारतीय सीमाशुल्क दरपत्रकात बहुतेक मसाले 9व्या प्रकरणात येतात. मसाला दळला म्हणून त्याचे चार अंकी शीर्षक बदलत नाही, पुढचे अंक तेवढे बदलतात. अख्खी मिरी 0904 11, दळलेली 0904 12. अख्खे धणे 0909 21, धणेपूड 0909 22. मिरचीपूड 0904 22 मध्ये आणि हळदपूड 0910 30 मध्ये. मात्र मोहरीची पूड 2103 30 मध्ये जाते, हिंग 1301 मध्ये. या दोन ठिकाणी नवखे हमखास फसतात.

खरी गुंतागुंत मिश्रणात आहे. एकाच शीर्षकातले मसाले एकत्र केले तर शीर्षक तेच राहते. जिरे आणि धणे दोन्ही 0909 मधले. वेगवेगळ्या शीर्षकांतले मिसळले, की 0910 91. त्यात मीठ वा अन्य पदार्थ घातले तरी मिश्रणाचे मसालापण टिकून असेल, तर ते 9व्या प्रकरणातच राहते. नसेल तर 2103, म्हणजे सॉस आणि मिश्र चव-पदार्थांचे शीर्षक. गोड्या मसाल्यात तीळ आणि सुके खोबरे असते, कांदा-लसूण मसाल्यात तर कांदा, लसूण नि मीठ. अशा मालासाठी ‘मसाला पावडर’ एवढेच लिहून भागत नाही. प्रत्येक घटकाची टक्केवारी बिल ऑफ एन्ट्रीसोबत (आयात मालाच्या घोषणापत्रासोबत) जोडावी, नाहीतर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तोवर कंटेनरचे भाडे चढत राहते.

मूळ शुल्काचा सर्वसाधारण दर मिरचीपुडीवर 70 टक्के, हळदपुडीवर 30 टक्के आहे. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत धरून या सगळ्या बेरजेवर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे एकात्मिक वस्तू व सेवा कर. विमा-भाड्यासह 1,00,000 रुपयांची मिरचीपूड घेतली, तर मूळ शुल्क 70,000, अधिभार 7,000, आयजीएसटी 8,850. एकूण 85,850 रुपये. हळदपुडीवर हाच आकडा 39,650 येतो. आयजीएसटीचे क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते; बाकीचे दोन्ही थेट खर्चात धरावे लागतात.

0910 91 चा दरही 30 टक्के असल्याने मिरचीपुडीत किरकोळ हळद घालून ती ‘मिश्रण’ दाखवण्याचा मोह होतो. तपासणीत घटकांचे प्रमाण उघडे पडले, की फरकाच्या शुल्कासोबत व्याज आणि दंडही भरावा लागतो.

दळून किंवा ओलिओरेझिन (मसाल्याचा तेलकट अर्क) काढून निर्यात करायची असेल, तर अॅडव्हान्स ऑथरायझेशन या निर्यातीसाठीच्या आयात-परवान्याखाली मसाला शुल्कमुक्त आणता येतो. नुसते निवडून, प्रतवारी करून पुन्हा पॅक करण्यासाठी ही सवलत नाही.